काकाजींची गिटार आणि हप्त्यांची गिटार

वाचकाचं पत्र, थोडक्यात

चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातून २६ वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. घरची चार एकर धानाची शेती. मित्राच्या गिटारीवर, मोबाइलवर धडे पाहून ते तीन वर्षं शिकले. मित्र नोकरीला पुण्याला गेला, त्याच्यासोबत गिटारही गेली. आता दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, एका नाटक कंपनीने त्यांना वादकांत बसायला बोलावलं आहे. रात्रीला हजार रुपये मिळतील, पण साज स्वतःचा हवा. घरात दिवंगत काकाजींची गिटार आहे. काकाजी भिलाईच्या कारखान्यात होते, तिथल्या बंगाली सोबत्यांच्या नादाने त्यांनी ती १९७६ च्या सुमारास कोलकात्याहून मागवली होती. तिच्या तारा इतक्या उंच आहेत की बाराव्या फ्रेटपाशी (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) खालून करंगळी जाते. सहा महिने तिच्यावर कॉर्ड, म्हणजे एकावेळी अनेक तारा दाबून वाजवायचे सूर, धरायचा प्रयत्न करून बोटं सोलली आणि शेवटी ही खराब आहे असं त्यांनी ठरवलं. कव्हरच्या खिशात ‘कशाचा तरी पार्ट’ असलेला एक गुळगुळीत लोखंडी तुकडाही निघाला. नागपूरचा चुलतभाऊ म्हणतो, ही व्हिंटेज आहे, लाखात जाईल. सोबतचा एक वादक म्हणतो, पासष्ट हजारांची पूर्ण अस्सल लाकडाची गिटार हप्त्यांवर घे, जन्माचं काम होईल. वडील म्हणतात, चार हजारांची घे, सूर तर सारखेच वाजतात. वाचक विचारतात, “स्वस्त गिटार घेऊन बसलो तर लोक मला शिकाऊ समजतील. खरा कलाकार व्हायचं तर भारीच गिटार लागते ना? की काकाजींचीच दुरुस्त करून घेऊ?”

प्रिय भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या लोखंडी तुकड्यापाशी थांबले. तुम्ही त्याला ‘कशाचा तरी पार्ट’ म्हणून पुढे गेलात. कोणती गिटार घ्यायची ते मी सांगणारच आहे, पण आधी या तुकड्याचं बोलू. तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

तो बार आहे. स्टील बार. काकाजी बहुधा गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवत असणार. डाव्या हातात हा बार धरून तारांवरून घसरवायचा आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तार छेडायची. हिला हवाईयन गिटार म्हणतात. साठ-सत्तरच्या दशकांत बंगालमध्ये तिची फार आवड होती. व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांनी सिनेमाच्या गाण्यांच्या धुना हिच्यावरच वाजवल्या. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी याच पद्धतीने गिटारीवर रागसंगीत वाजवलं. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी तिला तरफेच्या, म्हणजे न छेडता आपसूक झंकारणाऱ्या, तारा चढवून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळाला. काकाजींचे सोबती बंगाली होते हे तुम्हीच लिहिलं आहे. धागा जुळतो.

तारा उंच आहेत त्याही यामुळेच. बार फिरवताना तो फ्रेटवर आपटू नये म्हणून तारा मुद्दाम वर उचलतात. गिटारीच्या डोक्याकडे, जिथे तारा खाचांतून गळ्यावर उतरतात, त्या पट्टीला नट म्हणतात. तिथे नीट पाहा. मूळ पट्टीवर धातूची एक टोपीसारखी जादा पट्टी बसवलेली दिसली तर माझा अंदाज खरा. ती सहसा चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच बसते. तारा सैल केल्या की हातात येते. मागे ब्रिजवर, म्हणजे पोटावरच्या ज्या लाकडी तुकड्यात तारा अडकवतात तिथे, सॅडल नावाचा हाडाचा किंवा प्लास्टिकचा तुकडाही उंच घातलेला असू शकतो.

म्हणजे तुम्ही सहा महिने जिच्यावर कॉर्ड धरायचा प्रयत्न करून बोटं सोलून घेतलीत आणि शेवटी ‘ही खराब आहे’ असं ठरवलंत, ती खराब असेलच असं नाही. काकाजींनी ती दुसऱ्याच कामासाठी मांडून ठेवली होती.

आता चुलतभावाच्या लाखांकडे येऊ. जुन्या गिटारी लाखांत जातात हे खोटं नाही, काही तर कोटींत जातात. पण त्या कोणत्या? अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीच्या दुसऱ्या महायुद्धाआधीच्या. गिब्सनच्या १९५८ ते १९६० मधल्या लेस पॉल नावाच्या इलेक्ट्रिक गिटारी. फेंडर कंपनी १९६५ मध्ये विकली गेली, त्याआधीच्या त्यांच्या स्ट्रॅटोकास्टर, याही इलेक्ट्रिकच. या गिटारी मुळातच कमी बनल्या, मोठमोठ्या वादकांच्या हातांत दिसल्या, आणि काहींचं लाकूड आज मिळत नाही. ब्राझीलच्या रोजवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ मध्ये बंदी आली. त्याच्या कितीतरी आधी, १९६९ मध्ये, मार्टिनने त्याऐवजी भारतीय रोजवूड वापरायला सुरुवात केली होती. हे भारतीय रोजवूड म्हणजे आपलं शिसव. जुन्या घरात आजोबांची काळी, वजनदार खाट किंवा पेटी असेल तर तेच लाकूड जगातल्या महागड्या गिटारींच्या पाठीला लागतं. महागड्या गिटारींच्या गळ्यावर जी काळीभोर पट्टी असते, त्या आबनुसाचं आणि आपल्या तेंदूचं कूळ एकच. उन्हाळ्यात तुमच्या भागातली अर्धी गावं ज्याची पानं तोडायला जंगलात जातात, त्याच तेंदूचा आफ्रिकेतला भाऊबंद तिथे बसलेला असतो. लाकडाच्या नावाने छाती दडपू देऊ नका, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आणि जुन्याचा आवाज गोडच असतो हे कोणी ठरवलं? व्हायोलिनवाल्यांनी हे पडताळून पाहिलं आहे. २०१० मध्ये इंडियानापोलिसच्या एका हॉटेलच्या खोलीत २१ व्हायोलिनवादकांना अंधुक उजेडात, डोळ्यांवर गडद चष्मे लावून, तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिनं वाजवायला दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हरी या जुन्या, नामांकित इटालियन कारागिराची होती. सगळ्यांत जास्त पसंती एका नव्याला मिळाली आणि सगळ्यांत कमी एका स्ट्रॅडिव्हरीला. गिटारीवरही असाच प्रयोग झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या. बाकी सगळं सारखं, फक्त पाठ आणि कडा वेगवेगळ्या लाकडांच्या. एकीला ब्राझीलचा महागडा रोजवूड, एकीला आपलं शिसव, बाकींना मॅहॉगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. ५२ वादकांनी वेल्डिंगचे चष्मे लावून त्या वाजवल्या. गुणांत फारसा फरक पडला नाही. डोळे झाकले की लाकडाच्या किमतीचा रुबाब उतरतो.

आपल्याला चांगल्या जुन्या गिटारीच तेवढ्या दिसतात, त्याचं कारणही साधं आहे. वाईट होत्या त्या कधीच चुलीत गेल्या. काकाजींची पन्नास वर्षं टिकली हे तिचं कौतुकच. पण लाखाची ती नाही, तेवढी आशा सोडा. विकायलाही काढू नका. बाजारात तिचे फार तर काही हजार येतील. तुमच्या काकूंसाठी तिची किंमत किती आहे, हे मात्र विकल्यावर कळेल.

तरी तिची तपासणी एकदा करा, घरीच होते. मधल्या गोल भोकाची कड उजेडात पाहा. वरच्या पृष्ठभागावरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ आत उतरताना दिसल्या तर वरची फळी अखंड लाकडाची आहे. पानांसारखे थर दिसले तर प्लायवूड. मग कागदाचा कपटा घेऊन ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहा. कागद आत शिरला तर सरस सुटला आहे, आणि तारा चढवायच्या आधी तो पक्का करायला हवा. शेवटी गळा डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून, तो वाकला आहे का ते नेम धरल्यागत पाहा. सहा पोलादी तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. धानाचं भरलेलं पोतं गळ्याला पन्नास वर्षं लटकून राहिलं असं समजा. हा वाक काढायला गळ्यात लोखंडी ट्रस रॉड असावा लागतो. त्याचं पेटंट गिब्सनला १९२३ मध्ये मिळालं आणि आजच्या दहा हजारांच्या गिटारीतही तो असतो, पण त्या काळच्या साध्या गिटारींत पुष्कळदा नसायचा. नसला आणि गळा वाकलेला असला तर तिला कॉर्डच्या गिटारीत ओढूनताणून बसवू नका. दुरुस्तीवर आठ-दहा हजार घालून जे मिळेल, त्याहून चांगलं नवं तेवढ्यातच मिळतं.

आता पासष्ट हजार. तुमचा सोबती वाईट सल्ला देतोय असं मी म्हणणार नाही. महागड्या गिटारीत फरक असतो. हलकेच छेडलं तरी ती बोलते, तार सोडल्यावर सूर रेंगाळतो, गळा तळहातात जुन्या कुदळीच्या दांड्यासारखा बसतो. पण हा फरक किमतीच्या हिशोबाने वाढत जात नाही. चार हजारांवरून दहावर गेलात की जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दहावरून वीसवर गेलात की वरची फळी अखंड लाकडाची मिळते आणि आवाज खुलतो. पुढे पासष्टपर्यंत पाठ आणि कडाही अखंड होतात, आणि हे ओळखायला कान तयार लागतो. त्याच्याही वर, दोन-तीन लाखांत, पैसा लाकडाच्या दुर्मीळपणाला, हाताच्या कारागिरीला आणि नावाला जातो. पूर्वी स्वस्त गिटार म्हणजे वाकडीतिकडी गिटार, हे बरंचसं खरं होतं. आता गळा आणि फ्रेटच्या खाचा संगणकावर चालणारी यंत्रं कापतात, त्यामुळे इंडोनेशिया-चीनमधून येणारी साधी गिटारही सुरात बसते. गिब्सनची एपिफोन, फेंडरची स्क्वायर हे त्याच घरांचे स्वस्तातले भाऊ आहेत, आणि त्यांच्यावर वाजवणारा कोणी हलका ठरत नाही.

मला काळजी वेगळीच आहे. ही पासष्ट हजारांची गिटार तुम्ही ठेवणार कुठे?

मे महिन्यात ब्रह्मपुरीचं नाव राज्यातल्या सगळ्यांत तापलेल्या गावांत हमखास येतं. दुपारी हवेतली ओल वीस टक्क्यांच्या खाली जाते, श्रावणात तीच नव्वदीला टेकते. अखंड लाकडाच्या गिटारीला बनवणारे ४५ ते ५५ टक्के ओल सांगतात. लाकूड ओल सोडतं तेव्हा रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं. पण आतून पट्ट्या चिकटवलेल्या असल्याने त्याला आकसायला जागा नसते, मग ते फाटतं. बांधीतलं पाणी आटल्यावर माती भेगाळते, तसंच. प्लायवूडमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून ते इतकं हलत नाही. ज्या गोष्टीमुळे प्लायवूडचा आवाज थोडा दबका येतो, त्याच गोष्टीमुळे ते आपला उन्हाळा सोसतं.

हे मी अंगावर घेऊन शिकले आहे. वीसेक वर्षांपूर्वी, साठवलेल्या पैशांतून, मी पूर्ण अस्सल लाकडाची गिटार घेतली होती. तेव्हा वर्ध्याला टिनाच्या छपराच्या खोलीत राहत होते. गिटार भिंतीला खिळ्यावर टांगलेली असायची, मला ती येता-जाता दिसायला हवी असायची. मे महिन्यातली दुपार. वीज गेली, कूलर थांबला, आणि तासाभराने टक् असा आवाज आला. पाल पडली असेल म्हणून मी कूस वळले. संध्याकाळी गिटार खाली काढली तर ब्रिजच्या खालून शेपटीपर्यंत केसाएवढी चीर गेलेली, आणि भोकातून आत पाहिलं तर तीच चीर उजेडाची रेघ होऊन दिसत होती. त्या दिवशी मी जेवले नाही. ज्यांनी ती दुरुस्त केली त्यांनी सरस लावायची घाई केली नाही. तीन आठवडे ती ओल्या स्पंजासोबत पेटीत बंद ठेवली. लाकडाने ओल पुन्हा घेतली, चीर आपसूक मिटली, मग सरस भरून आतून बोटाच्या नखाएवढ्या लाकडी चकत्या चिकटवल्या. गिटार आजही वाजते. पण जी गिटार घेऊन मला निर्धास्त वाजवायचं होतं, तिची मी दर उन्हाळ्यात राखण करत बसते.

आणि तुम्ही तर ती घेऊन हिंडणार आहात. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत, रोज वेगळं गाव. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक. मंडपात दव पडतं, तारा ओल्या होतात. सकाळी कंपनीच्या गाडीत पडद्यांच्या आणि पेट्यांच्या खाली साज दबतो. दुपारी गाडी उन्हात उभी. बंद गाडीत मार्चच्या उन्हातही ताप एवढा चढतो की सरस मऊ पडायला वेळ लागत नाही. यातून जाणाऱ्या गिटारीला मजबूत अंग हवं. त्यातही, तुमची गिटार लोकांपर्यंत पोचणार मंडपातल्या मोठ्या बॉक्समधून. समोर हजार-दोन हजार माणसं, बाजूला ऑर्गन, ढोलक आणि पॅड. अखंड शिसवीच्या पाठीने आवाजाला दिलेली नाजूक खोली तिथे कोणाच्या कानात पोचेल? तिथे पोचतो तो पिकअप, म्हणजे गिटारीचा आवाज उचलून बॉक्सकडे पाठवणारा भाग, आणि सुरात असलेली तार.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दहा-बारा हजारांच्या आसपासची, चांगल्या नावाची, साधी गिटार घ्या, यामाहाची एफ-३१० असते त्या वर्गातली. त्यात पिकअप आलेला असला तर उत्तम. नसला तर हजार-दोन हजारांत भोकावर बसणारा मिळतो. वीस हजारांपर्यंत ताण न घेता जाऊ शकत असाल तर वरची फळी अखंड असलेली, एफजी-८०० सारखी, घ्या. पाठ आणि कडा मात्र प्लायवूडच्याच असू द्या. यापुढे या वर्षी जाऊ नका.

चार हजारांच्या ऑनलाइन गिटारीबद्दल तुमच्या बाबांची बाजू मी अर्धी मान्य करते. सूर तेच असतात, हे खरंच. पण ते सूर जागेवर राहतात का? फार स्वस्त गिटारीच्या खुंट्या सरकतात, आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या वरच्या सुराशी जुळत नाही. उन्हाळ्यात गळ्याचं लाकूड आकसलं की फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन बोटांना बोचतात. नाटकातला नट गायला उभा राहिला आणि तुमची तार उतरलेली असली, तर लोक हसतील ते तेव्हा. बाबांना हे रागाने सांगू नका. दुकानात सोबत न्या, दोन्ही गिटारी त्यांच्या पुढ्यात वाजवा. ज्यांनी आयुष्यभर भजनात पेटीचे सूर ऐकले त्यांना उतरलेली तार कळते.

घेताना एक दिवस मोडून नागपूरला जा, हातात घेऊनच घ्या. एकाच मॉडेलच्या तीन गिटारी मागा. आजही त्यांच्यात फरक असतो, आणि दुकानदार कुरकुरला तरी कुरकुरू द्या. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, मग तीच तार तिथेच दाबून छेडा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून ऐका. कुठे खरखर झाली तर ती गिटार बाजूला ठेवा. कंपासपेटीतली पट्टी खिशात न्या. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेची दोनच्या आसपास असेल तर बोटं दुखणार नाहीत. जास्त असेल तर गिटार सोडून देऊ नका, सेटअप करून, म्हणजे तारांची उंची नीट बसवून, मागा. पाचशे-हजार रुपयांचा सेटअप दहा हजारांच्या गिटारीला जेवढं बदलतो, तेवढं वरचे दहा हजारही बदलत नाहीत. पुढे कधी स्वतः सॅडल घासायची वेळ आली तर एवढं ध्यानात ठेवा की बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं. घासलेलं परत वाढत नाही, म्हणून थोडं थोडं घासा, आणि खालच्या बाजूनेच.

उन्हाळ्यात गिटार भिंतीला टांगू नका, कूलरच्या झोतातही ठेवू नका. कूलरची ओली हवा आणि वीज गेल्यावरची कोरडी हवा, या ये-जा करण्यानेच लाकूड दमतं. कव्हरमध्ये घालून, घरातल्या मधल्या खोलीत, कपाटात ठेवा. साबणाच्या डबीला खिळ्याने भोकं पाडा, त्यात ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा आणि डबी कव्हरमध्ये टाका. आठवड्यातून दोनदा ओला करा. पावसाळ्यात ती डबी काढा आणि नव्या चपला-बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून ठेवा. नाटकाच्या रात्री वाजवून झालं की सुती फडक्याने तारा खालून-वरून पुसा. दवात राहिलेली तार आठवड्यात गंजते. तारांचा एक जादा जोड आणि कॅपो, म्हणजे गळ्यावर बसवून सगळ्या तारांचा सूर एकदम चढवणारा चाप, नेहमी जवळ असू द्या. गायक नट ऐनवेळी पट्टी बदलतात आणि तेव्हा कॅपोसारखा आधार नाही.

हप्त्यांचं थोडं बोलायचं आहे. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. त्या भावाने पासष्ट हजार म्हणजे अठ्ठावीस क्विंटल धान, व्याज वेगळं. ते किती बांध्यांचं पीक, हे तुम्हाला मी सांगायला नको. हप्ता दर महिन्याला येतो, धान वर्षातून एकदा येतं आणि नाटक चार-पाच महिने. जून-जुलैत, रोवणीच्या खर्चाच्या तोंडावर, हप्ता भरायचा कशातून? गिटारीपायी घरात भांडण झालं तर पहिली बळी ती गिटारच पडते. असं झालेलं मी पाहिलं आहे. दोन हंगाम वाजवा, रात्रीच्या हजारातले दोनशे बाजूला टाका. मग तुम्हाला गाणी रेकॉर्ड करावीशी वाटली, घरात एखादी बंद खोली झाली आणि हातालाच कळू लागलं की आता ही गिटार कमी पडते, तर खुशाल महाग गिटार घ्या. ती हौस खोटी नाही, मीही ती केली आहे. पण ती हाताने मागावी. लोक काय म्हणतील याने मागितलेली हौस हप्ते फिटायच्या आत जुनी होते.

‘खरा कलाकार’ या शब्दाकडेही परत एकदा पाहा. तुमच्या विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हातात एक खंजिरी घेऊन गावंच्या गावं जागी बसवली. खंजिरी हे सगळ्यांत गरीब घरातही परवडणारं वाद्य. झाडीपट्टीतल्या जुन्या ऑर्गनवाल्यांना विचारा, त्यांच्या पायपेटीचे कितीदा भाते फाटले आणि कितीदा त्यांनी ते चिकटवून रात्र काढली. मंडपात खुर्चीवर बसलेली माणसं तुमच्या गिटारीवरचं नाव वाचू शकत नाहीत. दुःखाच्या प्रवेशाला तुम्ही योग्य जागी थांबलात की नाही, हे मात्र त्यांना बरोबर कळतं, आणि कंपनीचा मालकही पुढच्या वर्षी बोलावताना तेच लक्षात ठेवतो.

म्हणून काकाजींची गिटार दुरुस्त करायची का, याचं माझं उत्तर असं. नव्या गिटारीची जागा तिला देऊ नका, तिची स्वतःची जागा द्या. ब्रिज पक्का असला तर नव्या तारा चढवा, पण धातूची ती जादा पट्टी काढू नका. खुंट्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्या. ती मांडीवर घ्या. तारा जाडीपासून बारीकपर्यंत सा प सा ग प सा अशा लावा, म्हणजे नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी सूर एकमेकांत मिसळतील. बारीक तारेला सा करताना ती नेहमीपेक्षा एक पूर्ण सूर, म्हणजे दोन फ्रेट, खाली उतरवा आणि बाकीच्या तिच्या हिशोबाने लावा, मग कोणतीही तार नेहमीपेक्षा वर ताणावी लागत नाही. जुन्या ब्रिजवर ताण कमी पडेल. मग कव्हरच्या खिशातला तो बार पुसून घ्या. गंजाचा एक ठिपकाही तारेवर खरखरतो, म्हणून बारीक पॉलिश पेपरने तो आरशासारखा करा. बार तारेवर दाबायचा नसतो, नुसता टेकवायचा, आणि फ्रेटच्या मागे न ठेवता बरोबर फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या वर धरायचा. मागे तर्जनी-मधल्या बोटाच्या बाजूला राहिलेली बोटं तारांवर हलकी पसरून ठेवा, म्हणजे मागची गुणगुण थांबते. सुरुवातीला एकाच तारेवर, पाचव्या फ्रेटपासून सातव्या फ्रेटपर्यंत, हळूहळू घसरवा. काकू घरात असतील तेव्हा वाजवा. काकाजी कोणती धून वाजवायचे ते त्यांनाच विचारा. नाव आठवलं नाही तर त्या गुणगुणतील, आणि बार घसरवत घसरवत ती तुम्हाला त्या तारेवर सापडेल.